थोरलीला बारा पूर्ण व्हायच्या आत

आमची सगळी ट्रिप खरं तर दोन आकड्यांवर उभी राहिली. हाँगकाँग डिस्नेलँडचं तिकीट बघत होते एका रात्री, नुसतंच, जायचं वगैरे काही ठरलेलं नव्हतं, तर तिथे दिसलं की मुलांचं तिकीट ३ ते ११ वयापर्यंत आणि ६५ च्या पुढच्यांना ज्येष्ठांचं वेगळं तिकीट, तेही फक्त १०० हाँगकाँग डॉलर. हाँगकाँग डॉलर म्हणजे आपले अकराएक रुपये, म्हणजे अकराशे रुपयांत आजी डिस्नेलँडमध्ये. मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. सासूबाईंची कागदोपत्री जन्मतारीख १ जून (त्या पिढीत निम्म्या लोकांची १ जूनच असते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली, खरा जन्म पोळ्याच्या आसपासचा एवढंच त्यांना माहीत), दोन वर्षांनी जूनमध्ये त्यांना ६५ पूर्ण होणार आणि त्याच्या पुढच्या जानेवारीत थोरलीला १२. मधे सात महिने आणि त्या सात महिन्यांत दिवाळीची सुट्टी. जायचं तर तेव्हाच.

नवऱ्याला दाखवलं तर तो आधी काहीच बोलला नाही, मग म्हणाला आईला घेऊन जायचं असेल तर मी वाटेल तेवढी काटकसर करायला तयार आहे. त्याचं एक जुनं राहून गेलेलं आहे. शाळेत असताना त्यांची सहल एस्सेल वर्ल्डला गेली होती, नाशिकहून बसने, मग गोराईला बोटीने, वर्गातली सगळी मुलं गेली आणि याच्या घरी तेव्हा पैसे नव्हते. तो ते कधी बोलून दाखवत नाही पण आई दाखवतात. एस्सेल वर्ल्ड बंद झाल्याची बातमी आली तेव्हासुद्धा आईच हळहळल्या होत्या, माझ्या पोराचं राहिलं ते राहिलंच म्हणून.

तर पहिलं काम पैसे. बँकेत दरमहा ९ हजारांची दोन वर्षांची आरडी काढली, ऑक्टोबरमध्ये हातात येईल अशी. त्याचे २ लाख १६ हजार आणि वर व्याज. शिवाय माझी ४० हजारांची भिशी, तिचा नंबर मी मुद्दाम शेवटचा मागून घेतला. म्हणजे २ लाख ७० हजारांच्या आसपास, पाच माणसांत. यात बसलं तर जायचं, नाहीतर थोरलीचं पूर्ण तिकीट लागलं तरी चालेल, आणखी वर्षभर थांबू पण कर्ज काढून जायचं नाही हे तेव्हाच पक्कं केलं.

हाँगकाँगच का हे सगळ्यांनी विचारलं. त्याचंही गणितच आहे. पॅरिसच्या डिस्नेलँडला जायचं तर शेंगेन व्हिसा, मोठ्यांना माणशी ९० युरो, वर अपॉइंटमेंटसाठी मुंबईच्या फेऱ्या, आणि विमानाचं भाडं वेगळंच. जपानचं विमान महाग. सिंगापूरचा युनिव्हर्सल स्टुडिओ जवळ आहे आणि छान आहे म्हणतात पण तिथे व्हिसाची फी आहे आणि आमचा धाकटा बुटका, मोठ्या राइड्सना उंचीची अट १२२, १२५ सेंटीमीटर, म्हणजे त्याच्या वाट्याला कमी आलं असतं. हाँगकाँगला आपल्या लोकांना १४ दिवसांपर्यंतच्या फिरण्यासाठी व्हिसा लागत नाही, ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करायचं, सगळे त्याला पीएआर म्हणतात, आणि ते फुकट. मुंबईहून थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. आणि तिथलं डिस्नेलँड बाकीच्यांच्या मानाने लहान आहे, लोक हा त्याचा दोष सांगतात, पण ज्यांना एकाच दिवसाचं तिकीट परवडणार आहे आणि बरोबर आजी आहे त्यांच्यासाठी लहान असणंच फायद्याचं, एका दिवसात बघून होतं.

एका टूर एजंटकडे जाऊन आलो, अंदाज यावा म्हणून. चौघांचे ४ लाख २० हजार सांगितले, आणि आम्ही गेलो तेव्हा परदेशी पॅकेजवर ५ टक्के जीएसटी आणि ५ टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, तो वेगळा. टीसीएस रिटर्न भरताना परत मिळतो हे खरं पण तोवर पैसे अडकतातच ना. पाचव्या माणसाचं विचारलं तर तो म्हणाला आजींना कशाला नेता मॅडम, त्यांचं तिथे काय काम, उन्हात नुसत्या बसून राहतील, त्यापेक्षा त्यांना काशी करून आणा. हे तो आईंच्या समोर बोलला. आई काही म्हणाल्या नाहीत, पदर सावरून उठल्या. बाहेर आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं की आता सगळं आपण स्वतः करायचं, काय होईल ते होईल.

पासपोर्ट फक्त माझ्याकडे होता, तोही माहेरच्या नावाचा. बाकी चार नवे. मोठ्यांचे १५००, मुलांचे १०००, पण ६० च्या वरच्यांना आणि ८ वर्षांच्या आतल्या मुलांना फीमध्ये १० टक्के सूट आहे, म्हणजे चौघांचे मिळून ४७५०. मुलांचं झटकन झालं. आईंचं अडकलं. आधारवर त्यांच्या नावापुढे 'बाई' आहे आणि पॅनवर नाही, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नाचा दाखला कुठून असणार. आधी आधारवरचं नाव दुरुस्त करून घ्यायला लागलं आणि मगच पासपोर्टचा अर्ज, यात दीड-दोन महिने गेले. घरात म्हातारं माणूस असेल आणि पुढेमागे न्यायचा विचार असेल तर त्यांची सगळी कागदपत्रं आजच एकाशेजारी एक ठेवून नाव वाचून बघा, एकेक अक्षर. आम्ही हे वर्षभर आधी सुरू केलं म्हणून निभावलं.

आता क्रम, कारण यात लोक चुकतात. सगळेजण सेल दिसला की आधी विमानाचं तिकीट काढतात आणि मग पीएआर भरतात. मी उलट केलं. पीएआर नाकारलं गेलं तर रीतसर व्हिसाच्या मागे लागावं लागतं, त्याला आठवडे जातात, आणि पाचातल्या एकाचं जरी नाकारलं तरी बाकी चौघं काय करणार. म्हणून आधी पीएआर, मग विमान, मग हॉटेल, आणि डिस्नेलँडचं तिकीट सगळ्यात शेवटी. पण फार आधीही भरून चालत नाही कारण ते सहा महिनेच चालतं. आम्हाला नोव्हेंबरमध्ये जायचं होतं, मी ऑगस्टमध्ये भरलं. प्रत्येकाचं वेगळं, लहान मुलांचंसुद्धा. पासपोर्टवर जसं नाव आहे तस्संच, आडनावाच्या जागी आडनाव आणि पुढे नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून, आपल्याकडे पासपोर्टवर ते एकत्रच येतं. माझं मी माहेरच्याच नावाने भरलं आणि पुढे विमानाचं तिकीटही त्याच नावाने. मी टाइप करायचे आणि थोरली शेजारी पासपोर्ट धरून अक्षर अक्षर वाचून दाखवायची, मग जागा बदलायची आणि ती स्क्रीन वाचणार, मी पासपोर्ट बघणार. निकाल लगेच स्क्रीनवर येतो. आईंचा फॉर्म शेवटी ठेवला होता, बटण दाबताना माझे हात गार पडले होते खरंच, आला मंजूर. ती स्लिप पांढऱ्या ए-फोर कागदावर छापून न्यायची असते, मी दोन-दोन प्रती काढल्या आणि एक संच आईंच्या पिशवीत ठेवला.

तारखा ठरवताना दोन गोष्टी बघितल्या. ऑक्टोबरचा पहिला आठवडा अजिबात नको, तेव्हा चीनची मोठी सुट्टी असते आणि सगळी गर्दी तिकडेच. आणि दिवाळीच्या ऐन दिवसांत आपल्याकडून विमान महाग. म्हणून दिवाळी घरी करून, भाऊबीज आटोपून, शाळेच्या सुट्टीचा उरलेला दुसरा आठवडा पकडला. पाच जणांचे मिळून जाऊन-येऊन १ लाख ३७ हजार, चेक-इन बॅगेसकट. कमी भाड्याचं एक दिसत होतं पण त्यात सामान वेगळं आणि मधे आठ तास दुसऱ्या विमानतळावर, आईंना घेऊन ते नको वाटलं. नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी असते, पावसाळा आणि वादळांचे दिवस बहुतेक सरलेले असतात, उन्हाचा त्रास नाही.

हॉटेलचं सांगते कारण इथे सगळ्यात जास्त वाचले. डिस्नेलँडच्या आतल्या हॉटेलांचा विषयच नव्हता. सगळे जिथे राहतात त्या चिम शा चुईत खोल्या फार लहान, फोटोत चौघांची म्हणतात आणि बॅग उघडायला जागा नसते. मी मेट्रोचा नकाशा घेऊन बसले. डिस्नेलँडची स्वतःची छोटी लाइन आहे, ती सनी बे स्टेशनवरून सुटते. सनी बे तुंग चुंग लाइनवर. त्या लाइनला लाय किंगला चुन वान लाइन येऊन मिळते, तिथे गाडी बदलायची. मग चुन वानमध्ये शोधलं. तिथे सगळी राहती वस्ती आहे, भाजी बाजार, दुकानं, प्रवासी कमी. दोन खोल्या, चार रात्री, ४९ हजार ६००. एका खोलीत पाच जण घालायचा विचारसुद्धा केला नाही, तिथे माणसं मोजतात आणि ऐनवेळी दारात वाद घालायची ताकद आपल्यात नसते.

निघायच्या आठ दिवस आधी आई कालनिर्णय बघत म्हणाल्या, "अगं, तू तो दिवस धरलायस ना डिस्नेचा, त्या दिवशी कार्तिकी एकादशी आहे." माझ्या पोटात गोळाच आला. तिकीट तारखेचं असतं, वाराप्रमाणे आणि सुट्ट्यांप्रमाणे किंमत बदलते, मी मुद्दाम आठवड्याच्या मधला दिवस धरला होता कारण शनिवार-रविवार महाग आणि गर्दी. म्हटलं, "आई, बदलू का? थोडे पैसे जातील पण बदलू." त्या म्हणाल्या, "छे, एकादशीला वारकरी पंढरीला चालतात की दिवसभर. मी तिकडे चालेन. मला चार राजगिऱ्याचे लाडू आणि केळी पुरेत."

मग सामानात दोन डबे झाले, एक उपासाचा. राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू, खजूर. दुसऱ्यात दिवाळीचाच फराळ, चिवडा, शंकरपाळे, चकल्या, आणि दशम्या चार दिवस टिकतील अशा, दुधात भिजवलेल्या कणकेच्या. शिवाय गरम पाणी ओतलं की होतो तो उपमा आणि पोहे, हॉटेलात किटली असते. डिस्नेलँडच्या नियमांत वाचून ठेवलं होतं की गरम करायला लागत नाही आणि उग्र वास नाही असं खाणं नेता येतं, काचेच्या बाटल्या चालत नाहीत. दारावर बॅग तपासली तेव्हा त्या मुलीने लाडवांचा डबा उघडून बघितला आणि हसून परत दिला.

नाशिकहून एसटीने बोरिवली, तिथे नात्यातल्यांकडे जेवण, रात्री कॅबने विमानतळ. हे सगळं पटकन सांगते कारण काही झालंच नाही. हाँगकाँगला सकाळी उतरलो, घड्याळ अडीच तास पुढे. इमिग्रेशनला पीएआरची स्लिप आणि पासपोर्ट दिला, काही विचारलं नाही, आईंना मात्र त्या अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी पासपोर्ट परत दिला हे आईंच्या फार लक्षात राहिलंय. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत तिथे, एक छोटी पांढरी चिठ्ठी देतात, किती तारखेपर्यंत राहू शकता ते लिहिलेली. ती जपून ठेवायची.

विमानतळावरून शहरात जायला एअरपोर्ट एक्सप्रेस आहे, झकास आहे पण महाग. आम्ही ऑक्टोपस कार्ड घेतली, म्हणजे मेट्रो-बससाठी आधी पैसे भरून ठेवायची कार्डं, मुलांची वेगळी, ३ ते ११ वयाला मेट्रोत सवलत आहे, आणि ए३१ नंबरची दुमजली बस धरली, ती थेट चुन वानला जाते. सामान खाली रॅकवर ठेवून मुलं वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी. चिंग मा पूल लागतो वाटेत, १९९७ साली उघडलेला, मधला गाळा १३७७ मीटरचा, खाली मोठमोठी जहाजं. धाकटा म्हणाला हीच राइड आहे का. त्या दिवशी दुसरं काही केलं नाही, झोपलो, संध्याकाळी सुपरमार्केटमधून दूध, ब्रेड, केळी, दही आणलं आणि आठच्या आत परत झोपलो.

एकादशीच्या दिवशी सकाळी आईंनी हॉटेलच्या खोलीत हरिपाठ म्हटला आणि आम्ही नऊला निघालो. चुन वान, लाय किंग, सनी बे. सनी बेला जी गाडी येते तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या आहेत आणि गाडीला चालक नाही. मुलं ओरडली. एकच स्टेशन आहे ते, पण मुलांसाठी डिस्नेलँड तिथेच सुरू झालं.

दार उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा. हे मी जिथे जिथे वाचलं होतं तिथे तिथे लिहिलेलं होतं आणि ते खरं आहे. रांग टाळायचा पास पैसे देऊन मिळतो, पाच जणांचा हिशोब केला तर जवळपास आणखी एक डिस्नेलँड होत होतं, म्हणून आम्ही लवकर जाणं हाच पास मानला. आत शिरल्या शिरल्या वर्ल्ड ऑफ फ्रोझन, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेला भाग आहे, जगात पहिला, त्यामुळे गर्दी सगळी तिकडे धावते. आम्ही धावलो नाही, आई बरोबर होत्या, पण भराभर चाललो. तिथली बोटीची राइड पाचही जणांनी केली. आईंनी पहिल्यांदा माझा हात घट्ट धरला होता आणि बोट मागे सरकून खाली घसरली तेव्हा "अगं बाई" म्हणाल्या आणि मग हसायलाच लागल्या.

उंचीचं काम मी घरी करून ठेवलं होतं. महिनाभर आधी धाकट्याला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलने खूण केली, १०८ सेंटीमीटर. मग प्रत्येक राइडसमोर आकडा लिहिला. फ्रोझनची घसरगाडी ९५, चालेल. आयर्न मॅन १०२, चालेल. बिग ग्रिझली माउंटन ११२, नाही. आरसी रेसर १२०, नाही. त्याला तेव्हाच सांगितलं की या दोन तुझ्या नाहीत, त्या पुढच्या वेळी. रडायचं ते घरी रडून झालं. तिथे रांगेच्या तोंडाशी मोजपट्टी असते आणि तासभर उभं राहून मुलाला परत पाठवलेले आईबाप मी दोन ठिकाणी बघितले, त्या पोरांची तोंडं बघवत नव्हती. कृपा करून घरी मोजा.

आईंची सगळ्यात आवडती जागा मिस्टिक मॅनर. एका जुन्या हवेलीत गाडीतून फिरवतात, एक माकड एक जादूची पेटी उघडतं आणि सगळ्या वस्तू जिवंत होतात. गाडीला रूळ नाहीत, आपोआप वळते, मागे येते, दुसऱ्या गाडीला वाट देते. आईंना माकडापेक्षा त्या रूळ नसण्याचंच नवल. बाहेर आल्या आणि म्हणाल्या परत जाऊ या का, रांग लहान आहे. दोनदा गेलो. उंचीची अट नाही, झटके नाहीत, म्हातारी माणसं बरोबर असतील तर ही राइड सोडू नका.

दुपारी दोनला त्या दमल्या. हे मी धरलेलंच होतं. त्या वेळेसाठी मी बसून बघायच्या गोष्टी राखून ठेवल्या होत्या, बंद थिएटरमधला अर्ध्या तासाचा शो, गार हवा, बसायला नीट खुर्ची. मग मेन स्ट्रीटवरून सुटणारी छोटी आगगाडी, ती पार्कभोवती फिरते. आईंनी गाडीत बसून दोन लाडू आणि केळं खाल्लं. पाण्याच्या बाटल्या घरून नेलेल्या, आत भरून घ्यायची सोय आहे. आम्ही चौघांनी एक वेळचं जेवण आत विकत घेतलं, मुलांना मिकीच्या आकाराचा वॉफल, बाकी दिवसभर दशम्या आणि शंकरपाळे. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका चिनी आजींना आईंनी शंकरपाळे दिले. त्यांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि वीस मिनिटं दोघी बोलत होत्या.

ग्रिझलीला धाकट्याला घेऊन एकाने थांबायचं आणि मग अदलाबदल करायची, तशी सोय आहे, दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावायला लागत नाही. नवरा आणि थोरली आधी जाऊन आले. गाडी मधेच उलटी मागे येते म्हणे. तो आला तेव्हा त्याचे केस उडालेले आणि चेहरा मी कधी बघितला नव्हता असा. माझी पाळी होती. आई मला म्हणाल्या, "तुला जायचंय का गं?" मला खरंच फारसं जायचं नव्हतं, भीती वाटते मला. मग त्या त्याला म्हणाल्या, "तू जा परत. पोरीला घेऊन जा. मी बसते याच्याजवळ." तो म्हणाला अगं झालं माझं. त्या म्हणाल्या, "जा म्हटलं ना." आणि तो गेला. आई बाकावर बसून वर बघत होत्या, त्याची गाडी कुठून जाते ते, आणि दिसली की धाकट्याला दाखवत होत्या, तो बघ तुझा बाबा.

रात्रीचा शो मोमेंटस, किल्ल्यावर दिवे, कारंजी, शेवटी आतषबाजी. तासभर आधी जाऊन जागा धरली, एक जुनी चादर नेली होती ती अंथरली, धाकटा माझ्या मांडीवर झोपला आणि पहिल्या आवाजाला उठून बसला. खूप जण मुलं दमली म्हणून सहालाच परत निघताना दिसले. मी म्हणेन तिकीट एका दिवसाचं असेल तर दुपारी हवं तर तास-दीड तास काही करू नका, पण शेवटचा शो सोडू नका, दिवसाचे निम्मे पैसे त्यातच वसूल होतात.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. आईंना बारस सोडायची होती. किटलीत पाणी उकळलं, उपमा केला, वर घरून आणलेलं लिंबाचं लोणचं, खिडकीतून चुन वानच्या चाळीस-चाळीस मजली इमारती दिसत होत्या, तिकडे तोंड करून त्यांनी घास बाजूला काढला आणि जेवल्या.

मग तुंग चुंगहून २३ नंबरच्या बसने नाँग पिंगला मोठा बुद्ध बघायला. केबल कारला पाच जणांचे फार होतात, बस डोंगरातून वळणं घेत जाते आणि तीच मजा. ३४ मीटरची मूर्ती, २६८ पायऱ्या. आई खाली मठात थांबल्या, आम्ही वर जाऊन आलो. पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं, त्या सहलीतलं आमचं सगळ्यात पोटभर जेवण तेच. उरलेल्या दिवसात स्टार फेरी, ट्राम, आणि चिम शा चुईच्या किनाऱ्यावर रात्री आठचा दिव्यांचा शो, यातलं काही फुकट आणि काही अगदी थोड्या पैशात. एका संध्याकाळी चुंगकिंग मॅन्शन्समध्ये जाऊन डाळ-भात खाल्ला, गर्दी आणि अरुंद लिफ्ट आहे पण गरम डाळ मिळते.

हिशोब वहीत लिहिलाय तोच देते. विमान १ लाख ३७ हजार, हॉटेल ४९ हजार ६००, डिस्नेलँडची पाच तिकिटं २८ हजार, तिथला प्रवास १४ हजार, खाणं २० हजार, पासपोर्ट ४७५०, प्रवास विमा ४ हजार, ई-सिम दीड हजार, नाशिक-मुंबई जाऊन-येऊन ७ हजार, मुलांची खरेदी साडेपाच हजार. २ लाख ७१ हजार ३५०. यात मी एक गोष्ट वेगळी केली असती. आम्ही काही ठिकाणी साधं क्रेडिट कार्ड वापरलं, त्यावर परकीय चलनाचा आकार लागतो, साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि वर जीएसटी, आधीच फॉरेक्स कार्ड काढलं असतं तर दोन हजार तरी वाचले असते. खाण्याच्या वीस हजारांत आणखी कमी करता आलं असतं पण मुलांना रोज नाही म्हणायचं नव्हतं.

आईंची ती पांढरी चिठ्ठी हरिपाठाच्या पुस्तकात आहे, खूण म्हणून. जानेवारीत थोरलीला १२ पूर्ण झाले. आता भिशीतल्या दोघीतिघी विचारायला येतात, त्यांच्या घरच्यांना न्यायचंय म्हणून, मी स्वयंपाकघरात असले तर आईच बाहेर बोलतात. परवा मला आतून ऐकू आलं, एकीला सांगत होत्या, "विमानाचं नंतर बघ गं. आधी तुझ्या सासूचं आधार काढ आणि पॅन काढ, आणि नावापुढे बाई आहे का ते बघ."